अस्सल बरहुकूम नक्कल

शिमगा सरला की आमची गणपतीची शाळा ओस पडते.
साचे पालथे, शाडूची पोती माळ्यावर.
अशा दिवसांत आरेकर शेट फोटो घेऊन आले.
वेळणेश्वरच्या रिसॉर्टला, पोहायच्या तळ्याकाठी,
"अशी ग्रीक देवी पाहिजे. सहा फूट. फायबर चालेल."

फोटोतली बाई अर्धी वळलेली,
एक हात कोपरापासून नाही,
वस्त्राच्या ओल्या चुण्या पोटावरून अशा उतरलेल्या
की तात्या चष्मा पुसत म्हणाले,
"घडवणाऱ्यानं नेसणं बघितलंय."

खालची बारीक अक्षरं ओंकारने वाचली:
संगमरवर. रोमन काळातली नक्कल.
मूळ ग्रीक, ब्राँझ. मूळ उपलब्ध नाही.
तात्या हसले. ही तर तलाठ्याची भाषा.
आमच्या सातबाऱ्यावरही शिक्का आहे,
अस्सल बरहुकूम नक्कल.
अस्सल कुणी बघितलंय?

तिच्या पायाशी झाडाचा ओंडका होता.
शेट म्हणाले, तेवढा काढून टाका.
तात्या दोन दिवस ओंडक्याकडेच बघत बसले.
मग बोलले:
ब्राँझ आतून पोकळ, घोट्यावर उभं राहतं.
दगडाचा घोटा एवढं ओझं पेलत नाही,
म्हणून नक्कल करणाऱ्यानं टेकू दिला,
टेकू दिसू नये म्हणून त्याला साल कोरली,
सालीवर एक गाठसुद्धा.
बाकी सगळं दुसऱ्याचं, ओंडका त्याच्या एकट्याचा.
"आपल्यातला होता गो तो."

"मूळ गेलं कुठे?"
ओंकार म्हणाला, वितळवलं असेल. नाणी, खिळे, कढया.

मी सात वर्षांची होते.
नवलाईचं पालखीतलं रूप ओठापासून हनुवटीपर्यंत चिरलं,
तेव्हा गावानं कौल लावून ते चिपळूणच्या तांबटाकडे नेलं.
मी मुशीपासून चार हातांवर.
आधी नाक गेलं.
मग एकदम सगळं.
त्याच धातूचं नवं ओतून वाजतगाजत आणलं,
आणि ओटी भरताना येसूआत्ते माझ्या कानाशी पुटपुटली,
"तीच हाय गो. पन मला वळकत नाय."

तिकडे धातू गेला, चेहरा उरला.
आमचा धातू तोच, चेहरा कुठे गेला
ते तांबटालाही सांगता आलं नसतं.
दोघींत जास्त कोण उरलं, याचा हिशेब
मी अजून अधूनमधून मांडते, पुसते.

ओंडका राहिला. तात्यांनी शेटना सांगितलं, वाऱ्याला आधार हवा.
पण साल कोरली सुरंगीची,
खोडालाच चिकटलेल्या तीन कळ्यांसकट.
शेटनी अजून त्या पाहिलेल्या नाहीत.

डोळ्यांची आखणी आमच्याकडे माझी.
शेट म्हणाले, डोळे नकोत, फोटोत नाहीत.
ओंकार म्हणाला, मुळात असायचे, काचेचे नाहीतर दगडाचे बसवलेले,
आणि संगमरवरावर रंग असायचा, तो धुऊन गेला.
मी ब्रश हातात घेऊन बराच वेळ स्टुलावर उभी.
बिनडोळ्यांची मूर्ती या दारातून
कधी बाहेर गेली नव्हती.

मग पांढऱ्यावर पांढऱ्यानेच आखले.
रंगाचा थर तेवढा जरासा जाड.
दुपारी काही दिसत नाही.
संध्याकाळी ऊन समुद्रावरून आडवं आलं
की पाच-सात मिनिटं बुबुळांची कड उमटते.

पोहणारे तेव्हा चहाला आत गेलेले असतात.