गेली होती

दारव्हा रोडवरच्या आमच्या वजनकाट्यावर
रात्री साडेदहानंतर येतात ते सरकीचे ट्रक.
दोन ट्रकांच्या मधे मी क्रियापद चालवते.
आज पार्तीर. जाणे, निघून जाणे.
वही संपली, म्हणून पावतीच्या पाठीवर,
जिच्या तोंडावर छापलंय
भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ.

काळाचं नाव प्लूस-के-पार्फे.
पूर्णाहून जास्त पूर्ण, असं मोबाईलमधली बाई सांगते.
पूर्णावर आणखी चढवलं तर आमच्याकडे
त्याला ओव्हरलोड म्हणतात
आणि लोहाऱ्याच्या चौकात गाडी बाजूला घ्यावी लागते.

नियम असा: मागे दोन गोष्टी घडल्या,
तर त्यातली जी आधीची, ती ह्या काळात टाकायची.
मी पोचले तेव्हा दुकान बंद झालं होतं.
तू फोन केलास तेव्हा मी जेवले होते.
आपण होते शेवटी ठेवतो,
सगळे निजल्यावर दाराला कडी घालावी तसं.
ते लोक कडी आधी घालतात
आणि माणूस मग निघून जातो.

जेते पार्ती. मी गेले होते.
एल एते पार्ती. ती गेली होती.
कानाला एते दोन्हीकडे तेच, कागदावर शेपूट वेगळं.
शिवाय जाणारी बाई असेल तर शेवटी एक अक्षर जास्त.
ते उच्चारायचं नाही.
लिहिलं नाही तर मार्क जातो.

शाळेत सोनटक्के बाईंनी चार वर्षं घासून घासून
माझ्या मी गेली होतीचं मी गेले होते केलं.
वहीत मी गेले होते.
घरी अजून गेली होती.
घरच्या बोलीत मी आणि ती ह्यांना एकच रूप पुरतं,
आणि पाठ करायचं तर ते घरच्याच बोलीत होतं.
मी गेली होती. ती गेली होती. मोठ्यानं.

आई डबा घेऊन दारात.
कधीची उभी, माहीत नाही.
"काय घोकू रायली वं? कोण गेली होती?"
कोणी नाही, म्हटलं. नागपूरची परीक्षा आहे ना.
तिनं डबा उघडला. भाकर, अंबाडीची भाजी, वरून तेल.
भाकर मोडता मोडता, भाकरीकडेच बघत,
"मी बी गेली होती एक डाव. दारव्ह्याच्या ठेसनावर.
तू पोटात होती."
मंग?
"मंग काय. शकुंतला गेली होती."

शकुंतला म्हणजे गाडी, अरुंद रुळांवरची.
आता त्या रुळांत बाभळी आहेत.
पण चालायची तेव्हा म्हणे लोक पुढच्या डब्यातून उतरून
बोरं वेचायचे आणि मागच्या डब्यात चढायचे.
बकरी आडवी बसली तर गार्ड खाली येऊन
तिची समजूत काढायचा.
ती गाडी कोणाची चुकल्याचं
मी आजवर ऐकलेलं नाही.

विचारणार होते. तेवढ्यात हॉर्न.
काट्यावर ट्रक, काचेत आकडा थरथरून थांबला,
चोवीस टन तीनशे चाळीस.
ड्रायव्हरनं सुटे मागितले, पाणी मागितलं,
पुलगावचा रस्ता विचारला, जो त्याला माहीत होता.
मी परत बसले तेव्हा आई गेली होती.
डबा धुऊन पालथा.

आम्हीची ओळ राहिली होती.
तिथला नियम असा की शंभर बायांत एक पुरुष असला
तर अख्खी ओळ पुरुषाची.
त्या दिवशी ठेसनावर आईलाही ठाऊक नव्हतं
पोटात कोण आहे,
ओळ कोणाची होणार आहे.
मी होते.
नूझ एत्यों पार्ती, असं लिहिलं,
आणि शेवटी दोन अक्षरं,
एक बाई म्हणून, एक एकीहून जास्त म्हणून.
दोन्ही मुकी.

पावती मग वेगळी काढून ठेवावी लागली.
पुढच्या बाजूला रिकाम्या वजनाची जागा कोरी होती
आणि पहाटे ट्रक परत येणार होता.