पोटखराब

ओळखपत्रावर माझं आडनाव चुकलं होतं,
बिडवेचं बिडके.
मी काही बोललो नाही.
एकतीस वर्षं तलाठी होतो,
एका वेलांटीसाठी माझ्या दारात
लोकांनी चार चार खेटे घातलेत.

होटगी रोड, विणकर सोसायटीचा हॉल.
मार्च. पंखे गरम वारा नुसता ढवळत होते.
सहा तालुक्यांतले आम्ही सदतीस जण,
माळरान राखणारे म्हणे,
आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण:
नकाशा कसा वाचायचा, ठराव कसा लिहायचा,
एकमेकांना कसं ओळखायचं.

शेवटचं मला सोपं वाटलं.

ऋजुताबाई म्हणाल्या,
नाव सांगा, गाव सांगा,
आणि तुमच्या माळावरचं एक गवत सांगा.
कारंब्याची जनाबाई हाके म्हणाली, पवन्या.
मुनाफ म्हणाला, मारवेल.
शिवशरण बिराजदार अडखळला,
त्याला नाव कानडीतच येत होतं,
तेही चाललं.
शेडा, कुसळी, हरळी,
असं रांगेनं येत येत माझ्यापाशी आलं
आणि थांबलं.

अर्ध्या तालुक्याचे माळ मी सातबाऱ्यावर लिहिलेत.
गट नंबर अजून तोंडपाठ.
आणि पुढच्या रकान्यात, माझ्या वळणदार अक्षरात,
पोटखराब.
जिथं नांगर चालत नाही, जिथून सारा येत नाही,
ते पोटखराब.
तितराची अंडी पोटखराब.
लांडगीण जिथं व्याली ती घळ पोटखराब.
जनाबाईच्या दीडशे मेंढरांचं पोट,
तेही पोटखराब. वर्ग अ.

"पास," मी म्हणालो, पत्त्यात म्हणतात तसं.
कुणी हसलं नाही.
हसले असते तर बरं झालं असतं.

जेवणानंतर (कडक भाकरी, शेंगाचटणी, वर पेंग)
लोकरीचा गुंडा निघाला.
एकानं दुसऱ्याकडं फेकायचा,
आपला धागा सोडायचा नाही,
म्हणजे मध्ये जाळं होतं. ते आपलं जाळं.
जनाबाईनं गुंडा चोळला, हुंगला.
"ही लोकर न्हाई. मेंढरू कुटंय हिच्यात?"
तेवढ्यात धागा तुटला.
दारातला राखणदार, अंबादास बोल्ली,
बंद गिरणीतला जुना माणूस,
चपला काढून आत आला,
दोन टोकं चिमटीत धरली
आणि डोळा लवेपर्यंत अशी गाठ मारली
की हात फिरवूनही सापडेना.
ऋजुताबाईंनी फळ्यावर लिहिलं, गाठ.
पुढं काय लिहावं त्यांना सुचलं नसावं.

दुसऱ्या दिवशी नान्नजच्या माळावर
मी टोपी घालून उभा.
सगळं पिवळं, सगळं एक.
"खाली बसा सायेब," जनाबाई म्हणाली,
"उभ्यानं गवत दिसत न्हाई."
गुडघे कडकडले. बसलो.
एक काडी तिनं माझ्या दातांत दिली:
चावा. गोड लागली तर मारवेल.

गोड होती.

निघताना सगळ्यांचे नंबर घेतले.
आडनावं मी चुकवणार हे ठाऊक होतं,
म्हणून ज्यानं जे गवत सांगितलं
त्या नावानं साठवले.

पुढच्या माघात, रात्री साडेनवाला,
मारवेलचा फोन: कारंब्याचा माळ पेटलाय.
मग मी पवन्याला लावला, शेड्याला लावला,
कुसळीला दोनदा लावला.
अंधारात अंगणात उभा राहून
एक निवृत्त तलाठी गवतांना हाका मारत होता
आणि गवतं फोन उचलत होती.

तरवडाच्या ओल्या फांद्यांनी झोडपून
पहाटे तीनला आग मेली.
चार एकर गेले. बाकीचा राहिला.

राखेत बसून चहा पिताना
जनाबाईच्या नातवानं फोन दाखवला.
माझा नंबर त्यानं कशा नावानं ठेवलाय ते.

तलाठी पास.

मी म्हणालो, बदल आता.
तो म्हणाला, अर्ज करा.