कॅरेट, उतारावर

मालेगाव स्टँडजवळ, टायरच्या दुकानावर
रात्रीचा क्लास. फळ्यावर तीस अंशांचा उतार,
उतारावर चौकोन.
वर्ग म्हणाला, ठोकळा.
मागून नूतन बोरस्ते म्हणाली, कॅरेट.

दिवसभर ओझरच्या पॅकहाऊसमध्ये असते ती,
बोटांना कात्रीचे घट्टे.
म्हटलं, ये, तूच काढ.
तिनं फळी काढली, दोर काढला,
टेम्पो काढला नंबरासकट,
वर ओरडणारा मुकादम,
आणि खालून कॅरेटला खांदा देणारा एक उंच पोरगा.

मी डस्टर दिलं हातात.
कॅरेट सोडून सगळं पूस.
फळी गेली, तिचा रेटा राहिला, फळीला काटकोनात.
दोर गेला, ताण राहिला.
पृथ्वी तू काढलीच नव्हतीस,
तिचा बाण तरीही हवा, सरळ खाली,
उतार कितीही तिरका असो.
मुकादम? शिवतो का तो कॅरेटला?
नाही ना. मग त्याला बाण नाही.
(वर्ग हसला. ती नाही.)

वेगाचा बाण काढू नका, वेग म्हणजे बल नव्हे.
दरवर्षी सांगतो, दरवर्षी तिघं काढतातच.
आणि कॅरेट फळीला दाबतं, तोही बाण इथं नको.
त्यानं दुसऱ्याला काय केलं ते दुसऱ्या चित्रात.
इथं फक्त त्याच्यावर काय काय आलं तेवढंच.

"घर्षण कुठल्या बाजूनं, सर?"
वर चढतंय, तर खाली.
"आणि घसरायला लागलं की?"
मग वर.
"म्हणजे बाजू बदलतं ते."
हो, बदलतं.

उरला तो पोरगा.
तिचा भाऊ मस्कतला गेल्याचं
फीच्या हप्त्यांवरून मला कळलं होतं.
डस्टर त्याच्या डोक्यापाशी थांबलं.
"माणूस पुसला तर बाण येणार कुठून?"
कुठूनच नाही. बाण कॅरेटला लागलेला असतो.
माणूस काढायचा, जोर ठेवायचा.

तिनं आधी पाय पुसले, मग धड,
खांदा सगळ्यात शेवटी.

चौकोन आणि पाच बाण, मागे काहीच नाही.
निमाणीवरून ओझरची शेवटची बस होती,
बाटली न भरताच पळाली ती.

बेरीज मी नंतर केली, एकट्यानं, खडूनं मोजून.
खालून लावलेला तो बाण
दोन बोटं जास्तच लांब होता.
त्या हिशेबानं कॅरेट
वेग घेत वर निघालं होतं.