पंचावन्नचा चंद्र

बारशाचे फोटो उरकून परतताना
हरिपुरात गाडी थांबवली.
संगमावर चंद्र आलेला,
पुरता भरायला दोन दिवस कमी.

माझ्याकडे एकच लेन्स, कॅमेऱ्यासोबत आलेली,
अठरा ते पंचावन्न.
तिनं आजवर कुंच्या पाहिल्या, केक पाहिले,
पासपोर्टसाठी कान दिसतील असे चेहरे पाहिले.

ट्रायपॉड नव्हता. आदगोंडामामानं
हळदीचं अर्धं पोतं पुढं सरकवलं.
"ह्याच्यावर टेकव. हालायचं न्हाई."
कॅमेरा रुतून बसला, खुडूक कोंबडीसारखा.

पहिल्या फोटोत सगळं आलं.
दोन नद्यांचं पाणी, देवळाचं शिखर,
मामाची बिडीसुद्धा.
फक्त चंद्राच्या जागी भोक,
फोटोलाच कुणी बिडी टेकवल्यासारखं.

"रात हाय म्हणून लई उजेड मागतूयास," मामा म्हणाला.
"तिकडं ऊनच हाय की."

खरंच की. दगडावर पडलेलं ऊन.
मग शटर दुपारचं लावलं,
एकशे पंचवीस, अकरा, आयएसओ शंभर,
हळद वाळत घातलेल्या खळ्यावर लावतो
जवळपास तेच.

आता चंद्र आला.
मोहरीएवढा.
पण पाणी गेलं, शिखर गेलं,
मामा बिडीसकट गेला,
अख्खं हरिपूर काळ्या चौकोनात.

स्क्रीनवर मोठा करत नेला,
चित्र फुटायच्या जरा अलीकडं थांबलो.
डाग होते. करडे, गोलसर.
मामानं चष्मा कपाळावर ढकलला आणि बोट ठेवलं,
"हे आमचं पेव. हे मगदुमांचं.
ह्ये पुरात बसलं."

मग सांगत राहिला, मी न विचारता.
पेव फोडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा आत.
विझला, तर माणूस उतरवायचा नाही.
त्याचा भाऊ एकदा कंदिलाआधी उतरला होता.
एवढंच म्हणाला, आणि बिडी
पेटलेली असून पुन्हा पेटवली.

मी वर पाहिलं.
चंद्र जरासा खाली आल्यासारखा वाटला,
हळूहळू, कुणी दोरी सोडत असल्यासारखा.
आम्ही दोघं तळाशी.
तेवत होता.

दोन्ही फोटो जोडून एक करता येतो.
दुकानातला इलाही पाच मिनिटांत करून देईल,
गिऱ्हाइकाला आवडेलही.
मी जोडले नाहीत.
घरी येऊन लेन्स पुसली,
तर कापडाला पिवळं लागलं.