एकाहत्तर किलो, पाण्यासकट

सियागंजात, चेनच्या खोक्यांमागे
हकीमभाईंचा वजनकाटा आहे,
छऱ्यांच्या गोण्या तोलायचा.
"वजन?" त्यांनी विचारलं.
बासष्ट, मी म्हटलं.
ते काही बोलले नाहीत.
काट्यावरची गोणी पायानं बाजूला सरकवली, इतकंच.

हेल्मेट घातलेलं, पाठीला सॅक,
सॅकमध्ये दोन लिटर पाणी, पंक्चरचं सामान, शेवेची पुडी:
एकाहत्तर.
बिलबुकाच्या मागे त्यांनी आकडा लिहिला,
नाव लिहायचं राहिलं.

काउंटरवर दोन फोर्क आडवे.
एकशेवीस मिलिमीटर. एकशेचाळीस.
मधला फरक माझ्या अंगठ्याच्या रुंदीएवढा,
आणि त्या अंगठ्याला अकरा हजार रुपये.

मी नगर निगममध्ये नकाशे काढते, एकोणीस वर्षं.
माझ्या कागदावर जानापाव म्हणजे तपकिरी रेषा,
चढ जितका खडा तितक्या एकमेकींना चिकटलेल्या.
जुन्या, ताठ सायकलवरून उतरताना
अशाच दोन रेषांच्या मध्ये
माझं डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं.
कागदावर तिथे काहीच नाही. कोरं.
आता आत पट्टी आहे,
थंडी आली की माझ्याआधी तिला कळतं.

एकशेचाळीस, मी म्हटलं.

मागच्या शॉकचं मात्र ठरेना.
एक स्प्रिंगचा, जाड तांबडी वेटोळी,
महूच्या कुणा कॅप्टननं बदली झाल्यावर विकलेला.
दगडांवरून तेलासारखा जातो म्हणे.
पण स्प्रिंग एकाच वजनाची असते,
आणि कॅप्टन शहाऐंशी किलोचे होते.
दुसरा हवेचा. भरा, काढा, पुन्हा भरा.
पुढच्या वर्षी मी किती असेन
कुणी सांगावं?
हवेचा घेतला.

श्रीरंगनं बिल दोनदा वाचलं.
"एवढ्यात ॲक्टिव्हा आली असती."
ॲक्टिव्हा जानापावला चढत नाही, मी म्हटलं.
"चढते. डांबरी रस्ता आहे."
आहे खरा.

मग हकीमभाईंनी मला सायकलवर बसवलं.
कोपर भिंतीला, दोन्ही पाय पेडलवर,
"साँस मत रोको, बेनजी, रोज के जैसे बैठो."
फोर्कच्या चकचकीत नळीवर एक काळी रबरी कडी असते.
ती खाली ढकलायची, बसायचं,
चोरासारखं अलगद उतरायचं
आणि पट्टी लावून मोजायचं.
बावीस. थोडी हवा काढली. एकोणतीस.
अजून थोडी. पस्तीस.
"बस. इतना तो बैठना ही चाहिए."

म्हणजे खड्डा यायच्या आधीच,
नुसत्या आपल्याच भारानं,
पाव हिस्सा खाली.
ऑफिसात अकरा वाजता खुर्चीवर मी साधारण तेवढीच असते.
तिथे कुणी पट्टी लावत नाही.

लाल बटणाच्या एका टोकाला ससा, दुसऱ्याला कासव.
सशाकडे फिरवून फूटपाथवरून उतरले,
हँडल उसळून छातीशी आलं.
कासवाकडे फिरवलं तर
फोर्क खाली गेला आणि तिथेच विचार करत बसला,
पुढचा खड्डा येऊन गेला तरी.
शेवटी कासवापासून सात टकटकी.
खडूनं भिंतीवर लिहून ठेवलंय: सात.

रविवारी गेले.
दगड तिथेच आहे,
नकाशात नसल्यामुळे त्याला कुणी हलवलेलं नाही.
ब्रेकवरचं बोट सुटलं, की मी सोडलं, नक्की आठवत नाही.
खाली पोचून पाहिलं तर
कडी नळीवर वर सरकलेली,
टोकाच्या बोटभर अलीकडे थांबलेली.

फोन केला. बोटभर उरलं, म्हटलं.
"तो पाँच पीएसआय निकाल दो,
पैसे पूरे के दिए हैं ना?"

पंप सॅकमध्येच आहे.
गुरुवार उजाडला.
हवा अजून काढलेली नाही.