निळ्यानंतर

एकतीस वर्षं मी निळं शिवलं.
म्हापशात, बाजारामागच्या गल्लीत,
चार शाळांचे गणवेश.
निळा स्कर्ट, निळी चड्डी,
फार तर एका शाळेचा खाकी पट्टा.
मे महिन्यात निळं झोपेतसुद्धा यायचं,
चादरीवर बोटांनी मी चुण्या मोजत राहायची.
कुणी विचारलं, तुझा आवडता रंग कुठला, सुकांती,
तर म्हणायची, न विटणारा.

मग शाळांनी तयार कपडे मागवले सुरतेहून.
दुकानाची चावी परत केली,
मशीन टेंपोत घालून शिवोलीला आणलं,
त्यावर कापड टाकलं, कापडावर टीव्ही.

दोन वर्षांनी एर्मेलिंदा आली, हातात फुगलेली पिशवी.
कार्निव्हलच्या चित्ररथाचं उरलंसुरलं:
गुलाबी साटीन, माशाच्या खवल्यांसारखी टिकल्यांची पट्टी,
पोपटी, ज्याला पोपटही हसेल.
"उडोवपाक काडिल्लें. तुका जाय गो?"
नको म्हणायला तोंड उघडलं
आणि हात आधीच पिशवीत.

साटीन धरवत नाही.
सुईखालून मासोळीसारखं निसटतं.
पहिल्या रात्री तीन शिव्या दिल्या त्याला,
एक तर पोर्तुगीज होती,
एर्मेलिंदाच्या सासऱ्याकडून ऐकलेली.

माळ्यावर ट्रंक होती.
ट्रंकेत, वर्तमानपत्राखाली, एकोणिसाव्या वर्षीची गोधडी,
अर्धी.
मावशीच्या कुणबी लुगड्याचा तांबडा चौकडा,
दशावताराच्या कुठल्याशा राजाची फाटकी जर,
मध्ये मी कापलेला एक वेडावाकडा त्रिकोण,
ज्याचं काय करायचं होतं ते आता आठवत नाही.
आणि सुई.
टाका घालता घालता तशीच सोडलेली,
कारण त्या सकाळी चाळीस स्कर्टांची पहिली ऑर्डर आली होती.
सुई गंजून कापडात विरघळली होती.
ओढली तर मोडली.
मागे उरला तपकिरी ठिपका,
मसुराएवढा.

धुतला. लिंबू चोळलं. मीठ.
जात नाही.
मग ठरवलं, हा माझाच रंग,
याला शेजार शोधायचा.

आता जमिनीवर तुकडे पसरलेत,
दार लावून घ्यावं लागतं, वारा सगळं फेरफटक्याला नेतो.
मोहरीशेजारी जांभळा ठेवते. उचलते.
पुन्हा ठेवते. दूर जाऊन बघते, डोळे बारीक करून,
बाजारात मासे बघतात तसे.
कपाटातली रेशमी साडी, लग्नानंतर एकदाच नेसलेली,
तिच्याकडे कात्री घेऊन गेले,
परत आले,
पाणी प्याले,
पुन्हा गेले.
कापताना आवाज झाला तो अजून कानात आहे.
छान होता.

एर्मेलिंदा म्हणते पिवळा इथे नको.
मी म्हणते तुझा संबंध काय.
दोन दिवस बोललो नाही.
तिसऱ्या दिवशी ती स्वतःचा पडदा घेऊन आली,
हिरवा, उन्हाने एका बाजूने उतरलेला,
आणि पिवळ्याजवळ टेकवून
काही न बोलता निघून गेली.

काल कोपरा उरला, वीतभर.
साटीनची गुलाबी त्याच्या कडेला
एकटी किंचाळत होती, काही जुळेना.
तळाशी हात घातला तर अर्धा मीटर निळं,
शेवटच्या थानाचं.
ठेवून बघितलं, नाइलाजाने.
गुलाबी गप्प झाली.
आणि निळं...
मी कित्येक हजार मीटर कापलंय हे.
अळवाच्या पानावर पाणी थरथरतं
तसं काहीतरी होतं त्यात,
आणि मला माहीतच नव्हतं.

बाहेर पोदेराचा भोंगा वाजला.
या वेळी सुई कापडात सोडली नाही,
पदराला टोचून घेतली,
पोळीला पैसे शोधत बाहेर आले.
पोदेर म्हणाला, "बाये, तुझ्या पाठीमागे
दोरा येतोय."
मागे बघितलं.
गुलाबी. उंबऱ्यापासून थेट त्याच्या सायकलीपर्यंत.
तोडला नाही.
दोन पोळ्या घेतल्या,
आणि त्याच्याच मागावर आत गेले.