हौदा

कलामाच्या भंगारवाल्याकडे पट्टा वजनावर मिळतो,
तांब्याच्या खाणीतला, दगड वाहून वाहून
आतला धागा दिसू लागलेला.
एउलोखियोने त्याचे दोन तुकडे कापून घेतले, माझ्या उंचीचे,
चाक वाळूत रुतलं की खाली घालायला.
दुकानात असल्याच पाट्या केशरी प्लास्टिकच्या असतात.
त्याने एक हातात घेतली, उलटी केली, किंमत वाचली,
आणि जपून परत ठेवली
जसं दुसऱ्याचं तान्हं मूल परत द्यावं.

तीन हिवाळे मी विजेरी धरली.
गाडी सत्त्याऐंशीची, एक दार निळं,
दुसरं काळं, कुठल्याशा टॅक्सीचं.
"इकडे धर," तो गाडीखालून म्हणायचा.
मी इकडे धरायचे.
"इकडे म्हणजे माझ्या इकडे."
लग्नाला एकवीस वर्षं झाली,
त्याचं इकडे मला अजून सापडायचंय.

स्प्रिंगांना एकेक पान वाढवलं, लामा वाहणाऱ्या ट्रकचं.
धुण्याच्या यंत्राचं पिंप चुलीला.
टपावर सांडपाण्याचा पाइप, काळा रंगवून:
दिवसभर तापेल, संध्याकाळी
अंघोळ कर राणीसारखी, म्हणाला.
आणि नाकाडं, इंजिनाला श्वास घ्यायला
टपाच्याही वर नेलेलं नळकांडं.
शेजारची ओर्तेन्सिया कुंपणावर रेलून,
"हे कशाला? नदी ओलांडायला?"
इथे छत्री विकणारा उपाशी मरेल.
"धुळीसाठी," तो म्हणाला.
मग हळूच, "आणि नदी आलीच तर."

मंडपाचं काम माझ्याकडे.
निवडणूक झाली की फलकांना कुणी विचारत नाही.
सहा मीटर शिवलं, दुहेरी टीप घालून,
तरी उमेदवाराचा चेहरा आतल्या बाजूला आलाच,
पडलेला उमेदवार, दात पांढरेशुभ्र,
खाली लिहिलेलं: मी तुमच्यासोबत आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
हौद्यातल्या फळ्या त्याने
माझे पाय मोजून कापल्या.
स्वतःचे मोजायचे राहिले.

जूनमध्ये निघालो.
डांबर संपलं, मग खुणा संपल्या,
मग मीठ सुरू झालं,
वरून टणक, हसरं, खाली चिखल.
मागचं उजवं चाक बसलं.
पट्टा घातला, तर चाकाने तो असा भिरकावला
की वीस पावलांवर पडला,
जणू खाणीकडेच परत निघालेला.
एउलोखियो मिठावर मांडी घालून बसला.
बोलेना.
मी काडेपेटीतली काडी घेतली
आणि चारी चाकांची हवा सोडत गेले,
दर चाकाला साठ आकडे, मोठ्याने.
गाडी चार बोटं खाली आली, दमलेल्या लामासारखी.
पट्टे पुन्हा खाली, यावेळी स्टिअरिंगवर मी.
"सावकाश," तो ओरडत होता, "सावकाश, नेलिदा!"
सावकाश गेले असते तर
अजून तिथेच असतो.

रात्री उणे अकरा.
त्याचे पाय फाळक्याच्या बाहेर,
दोन मोजे, त्यावर माझी शाल,
त्यावर पावाची पिशवी, गाठ मारून.
वर उमेदवार,
आमच्यासोबत.

सकाळी टपावरचा पाइप उकलला होता,
उन्हात शेंग तडकते तसा,
आणि आत माझी अंघोळ,
सरळ, काचेसारखी, एका तुकड्यात.
आम्ही दोघं ती बघत उभे राहिलो.
मग त्याने हातोडी काढली,
एक ढलपी किटलीत टाकली, एक मला दिली.
रंगाची चव होती.

पाणी उकळेपर्यंत
तो खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहीत बसला:
पाइप जाड. अर्धाच भरणे. पट्ट्याला दोरी.
मी म्हटलं, सगळ्यात वर लिही,
पाय.